किंग ऑफ फायटर्स ९७ घरच्या कन्सोलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी रात्री आमच्याकडे वर्तक नगरला चार-पाच जण ९७ खेळायला जमतात, दर वेळी कोणीतरी नवीन येतो, तेच प्रश्न विचारतो, आणि घरी जाऊन स्वतःच्या टीव्हीला लावला की परत फोन करून तेच विचारतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी लहानपणी किसन नगरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून हा गेम शिकलोय आणि आता घरी सोफ्यावर बसून खेळतोय, त्यामुळे दोन्हीकडे काय फरक पडतो ते हाताला माहितीये. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच येतात: हा गेम टायमिंगचा आहे, दिसण्याचा नाही. कुठलंही सेटिंग करताना विचार करायचा की याने माझं बटण वेळेवर लागेल का, बाकी सगळं नंतर.

९७ म्हणजे नक्की कुठला गेम? आमच्याकडे सगळे नुसतं "किंग" म्हणायचे.

तोच तो. द किंग ऑफ फायटर्स ९७, जपानच्या एसएनके कंपनीचा मारामारीचा गेम, १९९७ च्या जुलैमध्ये निओ जिओच्या आर्केड मशीनवर आला. तीन विरुद्ध तीन, म्हणजे तुम्ही तीन जणांची टीम घ्यायची, एक हरला की पुढचा येतो, आणि जो जिंकलाय तो थोडी लाइफ भरून तसाच पुढे खेळतो. क्यो, इओरी, टेरी, राल्फ, क्लार्क, माय, अथेना, तो लोखंडी गोळा घेऊन फिरणारा चँग, सगळे यातलेच. आमच्या पार्लरमध्ये अर्धी पोरं इओरीला "लोरी" म्हणायची, कारण स्क्रीनवर पहिलं अक्षर एलसारखं दिसायचं. अजूनही कोणी लोरी म्हटलं की मला कळतं हा माणूस खरंच पार्लरमध्ये खेळलेला आहे.

आता कुठल्या कन्सोलवर मिळतो?

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे हॅमस्टर कंपनीची एसीए निओ जिओ नावाची सिरीज, त्यातला ९७ निन्टेंडो स्विच, पीएस४ (म्हणजे प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वनवर आहे. दुसरा म्हणजे ९७ ग्लोबल मॅच, तो २०१८ मध्ये पीएस४, व्हिटा आणि कॉम्प्युटरसाठी आला. पीएस५ वर पीएस४ वाला चालतो आणि नवीन एक्सबॉक्सवर वनवाला चालतो, वेगळा शोधत बसू नका.

दोन्ही डाउनलोडवर मिळतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी तुमच्या अकाउंटच्या रीजनमध्ये तो स्टोअरला दिसतोय का ते बघा. स्विच आपल्याकडे बहुतेक इम्पोर्टचाच असतो आणि अकाउंट बाहेरच्या रीजनचं उघडलेलं असतं, मग कार्ड चालत नाही आणि लोक म्हणतात गेम बिघडलाय. गेम ठीक असतो, अडतं ते पेमेंट.

दोघांतला कुठला? घरात शेजारी बसून खेळायचं असेल तर एसीए. साधा आहे आणि सेटिंग मोजकंच आहे. त्यात ओरिजिनल मोडशिवाय हायस्कोर मोड आणि पाच मिनिटांचा कॅरव्हॅन मोड आहे, जेवण व्हायच्या आधी पाच मिनिटं मिळाली तर तो मस्त. पण समोरासमोर ऑनलाइन मॅच त्यात नाही, स्कोअरची यादीच काय ती ऑनलाइन असते. ऑनलाइन खेळायचं असेल तर ग्लोबल मॅच.

पार्लरमध्ये होता तसाच आहे का? मला वेगळा का वाटतोय?

गेम तोच आहे, पण तुमचा पार्लरवाला कदाचित ओरिजिनल चालवत नव्हता. तेव्हा कॉपी बोर्ड भरपूर फिरायचे, त्यात "प्लस" नावाने हॅक केलेले पण होते, ज्यात लपलेली कॅरेक्टर्स आधीपासूनच उघडी असायची. त्यामुळे वेडा झालेला इओरी किंवा ओरोचीची (तो गेमचा शेवटचा बॉस) टीम थेट मिळायची, इथे मिळत नाही, इथे कोड लागतो, कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर स्टार्ट दाबून ठेवून हँडल फिरवायचं असतं. क्योचं मात्र सोपं आहे, स्टार्ट धरून क्यो निवडलात तर जुन्या स्टाइलचा क्यो येतो.

दुसरं, आवाज. बरेच जण म्हणतात म्युझिक वाजत नाही, टीव्ही खराब आहे का. नाही हो. ९७ मध्ये बऱ्याच फाइटला गाणं नाहीच, स्टेजचाच आवाज असतो, गर्दी, वारा, गाड्या. क्यो, इओरी, नवीन आलेली यशिरोची टीम अशा ठराविक लोकांनाच स्वतःचं म्युझिक आहे. पार्लरमध्ये दहा मशीनचा कालवा असायचा म्हणून ते कधी लक्षातच आलं नाही. मी पहिल्यांदा घरी रात्री एकटा बसून खेळलो तेव्हा बालीच्या स्टेजवर सगळं शांत ऐकून मला पण धक्का बसला होता, आणि मग ते इतकं आवडलं की आता मी टीव्हीचा आवाज मुद्दाम थोडा जास्त ठेवतो.

बटणं कशी लावायची?

निओ जिओला चारच बटणं, ए, बी, सी, डी. ए हलका पंच, बी हलकी किक, सी जोरात पंच, डी जोरात किक. मशीनवर ती लाल, पिवळी, हिरवी, निळी अशी असायची आणि एका ओळीत असायची. पॅडवर चार बटणं चौकटीच्या आकारात आहेत, त्यामुळे जोडीने दाबायची बटणं बोटाखाली येतील अशी लावायची.

यातलं महत्त्वाचं हे की ९७ मध्ये निम्म्या गोष्टी दोन बटणं एकत्र दाबून होतात. ए आणि बी एकत्र म्हणजे लोळून जाणं. सी आणि डी एकत्र म्हणजे तो जोरात उडवून टाकणारा फटका. बी आणि सी एकत्र म्हणजे मॅक्स, साठवलेली पॉवर वापरून काही वेळ जास्त ताकद. मी डावीकडे ए, खाली बी, वर सी, उजवीकडे डी लावतो. मग ए-बी एकाच अंगठ्याने आडवं दाबलं की लागतं, सी-डी पण तसंच लागतं. मॅक्सची बी-सी मात्र वर आणि खाली अशी समोरासमोर येतात, तिथे अंगठा आणि पहिलं बोट असं दोन्ही लावावं लागतं, आठवडाभरात सवय होते. तुमच्या व्हर्जनमध्ये वरच्या खांद्याच्या बटणांना जोड्या देता येत असतील तर द्या, पण आमच्याकडे दोघंही खेळणारे तसं करणार असतील तरच करतो, एकाला सोपं आणि एकाला अवघड असं नको.

इओरीची आग निघतच नाही. मी खाली-पुढे पंच करतोय.

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. जांभळी आग जमिनीवरून जाते ती: खाली, मग खाली-पुढे तिरकं, मग पुढे, आणि पंच. लोकांचं चुकतं ते पंचाच्या वेळी. पुढे पोचायच्या आधीच पंच दाबतात, मग बसून मारलेला साधा पंच निघतो. पंच पुढे पोचल्यावर, अंगठा पुढेच असताना. आणि अंगठा उचलायचा नाही, तो पॅडच्या दिशांच्या बटणावरून घासत न्यायचा. उचललात की मधलं तिरकं राहून जातं आणि गेमला ते नुसतं खाली आणि पुढे असं दिसतं.

मग ते तीन फटक्यांचं, खाली, खाली-मागे, मागे आणि पंच, हे तीनदा. पोरं घाईघाईत तिन्ही एकदम करायला जातात. पहिला लागला हे डोळ्यांनी बघायचं आणि मग दुसरं करायचं, दुसरा लागला की तिसरं. माझी भाची अकरा वर्षांची आहे, तिला मी हे तोंडाने म्हणायला शिकवलं, "घसर-ठो, घसर-ठो, घसर-ठो", आणि ती अर्ध्या तासात शिकली. तिच्या आईला दोन आठवडे लागले. मी तिला सरळ सांगितलं ताई, तू अंगठा उचलतेयस.

सुरुवातीला कोणाला काहीच जमत नसेल तर राल्फ घ्या, पंच धडाधड दाबत राहिलं की त्याचे हात सुटतात. चँगचा गोळा पण तसाच फिरतो. नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी निघालं पाहिजे, नाहीतर तो पॅड खाली ठेवतो.

टीव्हीवर बटण उशिरा लागतं. कन्सोल खराब आहे का?

नव्वद टक्के वेळा टीव्हीच असतो. हे नीट वाचा, कारण लोक इथेच गेम सोडून देतात आणि म्हणतात आता वय झालं, हात चालत नाहीत. हात चालतात.

निओ जिओचा गेम सेकंदाला साधारण ५९ फ्रेम (एकेक चित्र) दाखवतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. जुना काचेचा टीव्ही किंवा पार्लरचा मॉनिटर सिग्नल आला की तसाच दाखवायचा, मध्ये काही नाही. आताचा टीव्ही चित्र आधी आत घेतो, त्याला गुळगुळीत करतो, रंग वाढवतो, मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि मग दाखवतो, आणि या सगळ्यात कित्येक फ्रेम निघून जातात. तुम्ही उडी बघून वरचा फटका मारायला जाता तोपर्यंत तो खाली आलेला असतो.

उपाय एकच, टीव्हीचा गेम मोड चालू करा. बऱ्याच टीव्हीत तो पिक्चर मोडच्या यादीत असतो, काहींत एचडीएमआयच्या प्रत्येक पोर्टला वेगळा लावावा लागतो, त्यामुळे कन्सोल ज्या पोर्टमध्ये आहे त्याच पोर्टवर असताना लावा. नव्या टीव्हीत ऑटो लो लेटन्सी म्हणून असतं, कन्सोल चालू झाला की आपोआप गेम मोड लागतो. सोबत मोशन स्मूदिंगच्या नावाचं जे काही असेल, प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, ते बंद. चित्र थोडं फिकं होईल, होऊ दे.

तपासायचं कसं? ९७ मध्ये उडी चार प्रकारची असते, नुसतं टिचकी मारून वर केलं की छोटी उडी, धरून ठेवलं की मोठी. टिचकी मारून दहा छोट्या उड्या मारा. दहामध्ये चार-पाच मोठ्या निघत असतील आणि तुम्हाला हातात टिचकीच जाणवत असेल तर दोष पॅडच्या वरच्या बटणाचा आहे. सगळ्या छोट्याच निघतायत पण हाताच्या मागून येतायत असं वाटतंय, तर टीव्ही. हे मी दोन-तीन मित्रांच्या घरी केलंय, एकदा तर मानपाड्याला एका मित्राचा भलामोठा टीव्ही होता आणि आम्ही शेवटी त्याच्या पोराच्या अभ्यासाच्या मॉनिटरला कन्सोल लावून खेळलो, आणि सगळे म्हणाले आता लागतंय.

ब्लूटूथ हेडफोन लावून खेळू नका, आवाज मागून येतो आणि डोकं गोंधळतं. पीएस४ आणि पीएस५ मध्ये सेटिंगला जाऊन पॅडचं कनेक्शन यूएसबीवर ठेवता येतं, खोलीत खूप वायफाय-ब्लूटूथ असेल तर तसं करून बघा.

स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का?

कारण गेम ४:३ चा आहे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचा. ताणून पूर्ण स्क्रीन भरता येते, पण भरू नका, सगळे जाडे दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो, आणि या गेममध्ये अंतरच सगळं आहे. चित्राची उंची २२४ ओळींची आहे, १०८० च्या टीव्हीवर ते नेमकं चौपट केलं तर ८९६ होतात आणि वर-खाली थोडी जागा उरते. मला तेच आवडतं, पिक्सेल धारदार दिसतात. स्कॅनलाइनचा, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघांचा, फिल्टर हवा तर लावा, आमच्यात याच्यावर कायम वाद होतो आणि त्यात मी पडत नाही.

आर्केड स्टिक घ्यावी का?

म्हणजे पार्लरच्या मशीनसारखं हँडल आणि बटणं असलेला डबा. तुम्ही पार्लरमध्ये शिकला असाल तर हो, हात लगेच ओळखतो. पॅडवर शिकला असाल तर गरज नाही, पॅडवरही उत्तम खेळता येतं.

पण स्वस्तातली घेऊ नका. मी एका ऑनलाइन दुकानातून अशीच एक मागवली होती, महिन्याभरात वरची दिशाच लागेना. खालचे सहा स्क्रू काढले तर आत चार छोटे मायक्रोस्विच, त्यातल्या एकाची पत्ती वाकलेली आणि एका वायरचं डाग दिलेलं टोक सुटलेलं, हँडल हलवलं की ती वायर नुसती लोंबायची. दुकानाने परत घेतली नाही. मग मी लॅमिंग्टन रोडवरून तसेच मायक्रोस्विच आणले आणि चारही बदलले, कारण एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत असतात. तीच स्टिक अजून चालतेय. चांगल्या स्टिकमध्ये वायर डाग देऊन नाही, क्लिपने लावलेली असते, बटण ३० मिलिमीटरचं असतं आणि बोटाने दाबून बाहेर काढता येतं. घेताना हेच विचारायचं: पार्ट बदलता येतात का?

पावसाळ्यात ठाण्याची हवा माहितीच आहे, स्टिक कपाटात ठेवताना बुटांच्या डब्यातली ती सिलिकाची पुडी आत टाका.

पीएस४ चा पॅड पीएस५ ला चालेल का?

पीएस४ चा गेम खेळत असाल तर चालतो, आणि ९७ पीएस४ चाच आहे. म्हणजे जुने पॅड टाकू नका, दुसऱ्या प्लेअरचा खर्च वाचला. पीएस५ च्या स्वतःच्या गेमला मात्र तो चालणार नाही.

अॅडव्हान्स्ड घेऊ का एक्स्ट्रा?

गेम सुरू होताना विचारतो आणि लोक काहीही दाबतात. अॅडव्हान्स्डमध्ये तुम्ही पळू शकता, लोळू शकता, आणि मारामारी करता करता पॉवर भरते, तीनपर्यंत साठवता येते. एक्स्ट्रा ही जुन्या किंगसारखी, पळणं नाही, नुसती पुढे उडी, जागेवरच अंग चुकवायचं, आणि ए-बी-सी तिन्ही दाबून धरून पॉवर स्वतः भरायची. लाइफ संपत आली की एक्स्ट्रावाल्याला मोठी मूव्ह पाहिजे तितक्या वेळा मारता येते, म्हणून हरत आलेला एक्स्ट्रावाला खूप डेंजर. नवीन असाल तर अॅडव्हान्स्ड. माझा एक मित्र पंचवीस वर्षं एक्स्ट्राच घेतो आणि त्याच्यासमोर मी शेवटच्या दहा सेकंदांत कधीच पुढे जात नाही.

शेवटी इओरी वेडा होऊन येतो, त्याच्या जागी कधी कधी लिओना का असते?

तुमच्या टीममध्ये इओरी असेल तर लिओना येते. मग ओरोची टीम, मग ओरोची. आणि क्यो, इओरी, चिझुरू अशी टीम करून जिंकलात तर वेगळा शेवट आहे. तो एकदा स्वतः जिंकून बघा, व्हिडिओवर बघू नका.

ऑनलाइन कसं आहे?

प्लेस्टेशनवर त्याचं महिन्याचं सबस्क्रिप्शन लागतं. समोरचा लांब देशातला निघाला तर टायमिंगचं सगळं गणित बिघडतं. ओळखीच्या माणसाशी, तो पण मुंबई-पुण्याकडचा, ठरवून खेळा.

९८ जास्त चांगला म्हणतात, मग ९७ कशाला?

९८ जास्त बॅलन्स्ड आहे, खरंय. ९७ मध्ये इओरी, चिझुरू, डायमोन बाकीच्यांपेक्षा बरेच पुढे आहेत. पण ओरोचीची गोष्ट ९७ मध्ये संपते, ९८ मध्ये गोष्टच नाही, नुसत्या मॅच. आणि आपल्या हाताला ९७ बसलेला आहे. दोन्ही घेता आले तर दोन्ही घ्या, आधी ९७.

बाजारात हजार गेमचा बॉक्स मिळतो, त्यात आहे की!

असतो. पण आत कुठून तरी उतरवलेले गेम भरलेले असतात, आवाज फाटतो, बटण उशिरा लागतं, आणि बनवणाऱ्याला एक रुपया जात नाही. एका पिझ्झाच्या पैशांत खरा गेम येतो.

घरी खेळताना नंबर कसा लावता?

पार्लरमध्ये मशीनच्या काचेखाली कडेला आपला कॉइन ठेवायचा, तो ठेवला की पुढचा नंबर तुझा, कोणी हात लावायचा नाही. मशीनवाल्या काकांचं लक्ष असायचं, भांडण झालं तर ते चावीने खालचं दार उघडून आत बोट घालून एक क्रेडिट फुकट द्यायचे आणि विषय संपायचा. घरी आम्ही तेच ठेवलंय. टीव्हीखालच्या फळीवर रुपया ठेवायचा. हरला तो उठतो, कॉइनवाला बसतो, सलग पाच जिंकला तर त्याने टीम बदलायची आणि इओरी सोडायचा. लहान मुलांना दर शनिवारी एक मॅच कॉइनशिवाय. भाची तिचा रुपया दुपारी चारलाच ठेवून जाते, आणि रात्री आल्यावर आधी तो जागेवर आहे का ते बघते.